फलश्रुती आणि घटकयादी

साहित्याच्या वर्गात यादीला मान नाही. कविता, कथा, नाटक, फार तर पत्र आणि रोजनिशी यांना आपण वाङ्मयप्रकार मानतो. वाण्याची यादी, रुखवताची यादी किंवा औषधाच्या वेष्टनावरील बारीक अक्षरांतली यादी यांच्याकडे मजकूर म्हणून पाहण्याची आपली तयारी नसते. वास्तविक यादीइतका काटेकोर मजकूर क्वचितच सापडेल. तिच्यात क्रियापद नसते, विशेषण नसते, निवेदक नसतो. पुष्कळदा क्रम हाच तिचा सारा अर्थ असतो. अशा दोन याद्या शेजारी ठेवून वाचण्याचा प्रसंग आम्हांवर गेल्या हिवाळ्यात आला. याद्या होत्या कोरड्या त्वचेला लावायच्या दोन क्रीमच्या, आणि त्या वाचण्याची गरज घरातल्या एका माणसाच्या पायांना होती. वाचनाची जी शिस्त आपण विद्यार्थ्यांना शिकवतो ती अशा कामी कितपत उपयोगी पडते, हे पाहण्यासाठी हे टिपण.

दोन क्रीमपैकी एक निव्हियाची. चपटी निळी डबी, आपल्याकडे शंभर-दोनशे रुपयांत मिळणारी. दुसरी ‘क्रेम द ला मेर’. नावाचे मराठी ‘समुद्राची मलई’ असे करता येईल. पांढरी बरणी, ६० मिलिलिटरला अमेरिकेत साडेतीनशे डॉलरांहून अधिक किंमत, म्हणजे सुमारे तीस हजार रुपये. ही जोडी आमच्या शोधाची नव्हे. या दोहोंची तुलना कित्येक वर्षे चालू आहे आणि बहुधा ती एका वाक्यात आटोपते: दोन्ही एकच आहेत. विरुद्ध पक्षाकडेही एकच वाक्य असते: यांची तुलनाच होऊ शकत नाही. समीक्षेच्या व्यवहारात ही दोन्ही वाक्ये आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. मूळ संहिता न उघडताही ती उच्चारता येतात, ही त्यांची मोठी सोय.

तेव्हा संहितेकडे वळू. प्रसाधनांचे घटक लिहिण्याचा एक संकेत आहे. जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो आधी, त्याहून कमी तो नंतर, अशी उतरती भाजणी असते. मात्र एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा असते. म्हणजे यादीत एक अदृश्य रेषा असते; तिच्या वर क्रमाला अर्थ आहे, तिच्या खाली नाही. ती रेषा नेमकी कुठे आहे हे छापलेले नसते. वाचकाने ते अदमासाने ओळखायचे.

निळ्या डबीची यादी छोटी आहे. पाणी, द्रवरूप पॅराफिन म्हणजेच खनिज तेल, मायक्रोक्रिस्टलाइन मेण, ग्लिसरीन, लॅनोलिन अल्कोहोल, पॅराफिन, पॅन्थेनॉल, मॅग्नेशियम सल्फेट, डेसिल ओलिएट, ऑक्टिलडोडेकॅनॉल, ॲल्युमिनियम स्टिअरेट, सायट्रिक ॲसिड, मॅग्नेशियम स्टिअरेट, आणि शेवटी सुगंध व त्याचे घटक. सुगंध वगळला तर तेरा नावे.

बरणीची यादी लांब आहे. प्रारंभी समुद्रशैवालाचा अर्क, मग खनिज तेल, पेट्रोलॅटम, ग्लिसरीन. त्यानंतर लिंबाचा अर्क, तिळाचे तेल, निलगिरीचे तेल आणि काही बियांची पूड. या बियांची नावे आम्ही मराठीत करून पाहिली आणि अंमळ थबकलो. इंग्रजीत ज्याला ‘अल्फाल्फा’ असे भारदस्त नाव आहे तो आपला लसूणघास. दुभत्या जनावरांना घालतात तोच. त्याच्यापाठोपाठ सूर्यफुलाची पेंड आणि बदामाचा चोथा. पुढे तांबे, जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांची ग्लुकोनेट नावाची संयुगे, मग ब गटातील नायसिन आणि बी-१२, ई जीवनसत्त्वाचे एक रूप, बीटा-कॅरोटीन. भाषांतर ही परीक्षा आहे असे आपण म्हणतो ते असे. ‘हेलिअँथस ॲन्युअस’ म्हटले की वेष्टनावर एक वलय येते. ‘पेंड’ म्हटले की गोठा दिसतो. पदार्थ बदललेला नसतो. पेंड त्वचेला वाईट असे आमचे म्हणणे नाही; आपण पदार्थाने प्रभावित झालो की नावाने, एवढाच प्रश्न.

आता दोन्ही पोथ्यांचा मेळ घालू. निळ्या डबीतील तेराच्या तेरा नावे बरणीच्या यादीत भेटतात. एका ठिकाणी किरकोळ पाठभेद आहे: इथे स्टिअरेट तर तिथे डायस्टिअरेट. मायक्रोक्रिस्टलाइन मेण, लॅनोलिन अल्कोहोल, डेसिल ओलिएट, ऑक्टिलडोडेकॅनॉल ही काही स्वयंपाकघरातील हळद-मिठासारखी सर्वत्र असणारी नावे नव्हेत. इतक्या विशिष्ट नावांचा संच दोन ठिकाणी सापडला, तर पाठचिकित्सक दोन्ही हस्तलिखिते एकाच कुळातील आहेत असे अनुमान काढील. उलट बाजूने पाहिले तर बरणीत बरेच काही अधिक आहे. त्या अधिकात शैवाल, बिया, क्षार आणि जीवनसत्त्वे ही लक्ष वेधून घेतात; पण यादीत तिसऱ्या स्थानावर जे निमूटपणे बसले आहे ते पेट्रोलॅटम. म्हणजे व्हॅसलिन. रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकन रसायनज्ञाने १८७२ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, आणि जे आज आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात काही रुपयांत मिळते, तेच.

या नावांचे कार्य समजून घेतल्याशिवाय त्यांची तुलना म्हणजे नुसता शब्दांचा खेळ होईल. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या सांध्यांत स्निग्ध द्रव्ये भरलेली असतात. विटांमध्ये चुना भरावा तशी. तो चुना निखळला की आतले पाणी बाहेर उडून जाऊ लागते, थर आखडतो आणि तडकतो. त्यावरचे उपाय तीन प्रकारचे. काही द्रव्ये वरून आच्छादन घालून पाणी उडू देत नाहीत. पेट्रोलॅटम, खनिज तेल, मेण, लॅनोलिन ही त्यांतली, आणि नित्य वापरातल्या आच्छादकांत पेट्रोलॅटमचा क्रमांक वरचा. काही द्रव्ये पाणी धरून ठेवतात. त्यांत ग्लिसरीन अग्रेसर. काही पेशींमधल्या फटी बुजवून स्पर्श मऊ करतात. डेसिल ओलिएट आणि ऑक्टिलडोडेकॅनॉल यांचे हे काम. या तिन्ही कामांची मुख्य द्रव्ये दोन्ही याद्यांत आहेत. कोरडेपणापुरते बोलायचे तर क्रीमचे क्रीमपण जिथे आहे तिथे दोन्ही मजकूर एकमेकांच्या अगदी जवळ आहेत.

मग अंतर कुठे पडते? ते पडते कथेत.

निळ्या डबीचीही एक कथा आहे, पण ती कारखान्याची कथा आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आयझॅक लिफ्शुट्झ या रसायनज्ञाने मेंढीच्या लोकरीतील मेणापासून एक द्रव्य काढले, ज्याच्या योगाने तेलात पाणी मिसळून स्थिर राहू शकले. ऑस्कर ट्रॉप्लोविट्झ यांनी त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांच्या सल्ल्याने त्याचे क्रीम केले आणि १९११ मध्ये ते हॅम्बुर्गहून विक्रीस आणले. बर्फ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव ठेवले. डबी आरंभी पिवळी होती. निळी झाली १९२५ मध्ये. (आपल्या आईवडिलांच्या पिढीत चेहऱ्याच्या क्रीमला ‘स्नो’ म्हणत. मुंबईच्या पाटणवालांचा ‘अफगाण स्नो’ त्या नावामागे होता. त्याची घडण वेगळी, पण शुभ्रतेचा संकेत तोच.) या कथेत नायक एक नाही, तिघे आहेत, संकट नाही, साक्षात्कार नाही. आहे ते तेल आणि पाणी यांना एकत्र नांदवण्याचे अवघड काम. लॅनोलिन अल्कोहोल हे यादीतले रुक्ष नाव म्हणजे त्या कामाची खूण, आणि ती खूण दोन्ही याद्यांत उमटलेली आहे.

बरणीची कथा मात्र कहाणी आहे. मॅक्स ह्युबर नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ, अवकाशविज्ञानाच्या क्षेत्रातले. प्रयोगशाळेतील अपघातात त्यांचा चेहरा भाजला. वैद्यक हरले. मग त्यांनी स्वतःच उपाय शोधण्याचा चंग बांधला आणि बारा वर्षे, सहा हजार प्रयोग यांच्या अंती समुद्रशैवाल आंबवून एक द्रव सिद्ध केला. त्याला ‘मिरॅकल ब्रॉथ’, म्हणजे चमत्काराचा काढा म्हणतात. तो तीन-चार महिने आंबवला जातो. ह्युबर १९९१ मध्ये वारले आणि १९९५ मध्ये एस्टी लॉडर या कंपनीने त्यांचे क्रीम विकत घेतले. आधीचा सारा वृत्तान्त कंपनी सांगते तसा आहे. आम्ही त्याची शहानिशा करायला बसलेलो नाही. आम्हांला कुतूहल आहे ते त्याच्या घडणीचे. बारा वर्षे या आकड्याशी मराठी कान आपोआप टवकारतो, कारण आपल्या भाषेत बारा वर्षांना ‘एक तप’ असाच शब्द आहे. आघात, वैराग्य, तप, सागर आणि त्यातून निघालेले अमृत. श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या कोणालाही ही घडण परकी वाटणार नाही. आणि कहाणीनंतर येते ती फलश्रुती: जो कोणी हे लावील त्याला अमुक प्राप्त होईल.

‘फलश्रुती’ हा शब्द येथे आम्ही थट्टेने वापरलेला नाही. स्तोत्राच्या अखेरीस ते म्हणणाऱ्याला मिळणारे फळ सांगितलेले असते. तो स्तोत्राचा भाग असतोही आणि नसतोही. त्यात देवतेचे वर्णन नसते, श्रोत्याला दिलेले आश्वासन असते. प्रसाधनाच्या वेष्टनाची रचना अशीच आहे. दर्शनी बाजूस मोठ्या अक्षरांत फलश्रुती, मागील बाजूस बारीक अक्षरांत संहिता. दोन्ही बाजूंना भाषेचे दोन वेगळे नियम लागू असतात. मागील बाजूवर क्रम चुकवण्याची सोय नाही. दर्शनी बाजूवर ‘नवचैतन्य’, ‘तेज’, ‘पुनरुज्जीवन’ असे शब्द चालतात, ज्यांचे वजन कोणत्याही तराजूत करता येत नाही.

येथपर्यंत वाचून निळ्या डबीचा पक्ष विजयी झाला असे कोणास वाटेल, तर त्यांनी जरा थांबावे. नावे सारखी म्हणून कृती सारखी, हे अनुमान साहित्यात टिकत नाही आणि स्वयंपाकातही टिकत नाही. कणीक, गूळ आणि तूप या तीन वस्तूंची गुळपापडी होते आणि त्याच तिन्हींचा शिराही होतो. यादी प्रमाण सांगत नाही, आच सांगत नाही, ढवळण्याचा वेग सांगत नाही. बरणीत पहिले स्थान पाण्याला नसून आंबवलेल्या अर्काला आहे, हा फरक खरा आहे. त्या अर्काने कोणाच्या त्वचेला काही वेगळे मिळत असेल तर केवळ यादी पाहून ते नाकारणे हा अडाणीपणा ठरेल. ‘दोन्ही एकच’ असे म्हणणारा वाचक यादीला तिच्या मगदुरापेक्षा अधिक बोलायला लावतो, आणि ‘तुलनाच नको’ म्हणणारा तिला बोलूच देत नाही. यादी जे सांगते ते मर्यादित पण पक्के आहे: कोरड्या त्वचेला ज्या द्रव्यांची गरज असते ती दोन्हीकडे आहेत. याहून अधिक तिला विचारू नये, याहून कमी ऐकू नये.

आता पायांविषयी. आमच्या वहिनी नाशकात राहतात. वय अडुसष्ट, मधुमेह पंधरा वर्षांचा. थंडीत त्यांच्या टाचांना भेगा पडतात. मधुमेहात पायांच्या नसा दुबळ्या होतात. घाम कमी येतो म्हणून त्वचा अधिकच कोरडी पडते, आणि संवेदना मंदावते म्हणून भेग पडल्याचे कळत नाही. त्या भेगेतून जंतू शिरले की पुढचे सारे अवघड. डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते: कोणतेही चांगले स्निग्ध क्रीम चालेल, दिवसातून दोनदा, आंघोळीनंतर पाय टिपून ते किंचित ओलसर असतानाच, सढळ हाताने लावा, बोटांच्या बेचक्यांत मात्र नको. ‘कोणतेही’ आणि ‘सढळ’ हे त्यातले दोन महत्त्वाचे शब्द.

न्यू जर्सीत असलेल्या आमच्या पुतणीने हे ऐकले आणि आईसाठी ती बरणी पाठवली. त्यामागे तिची माया होती, आणि दूर राहणाऱ्या लेकीला वाटणारी हुरहूर होती. वहिनींनी बरणी आल्या दिवशी शेजारणीला दाखवली, मग कपाटात लुगड्यांच्या मागे ठेवली. कधी सणासुदीला मसुराच्या दाण्याएवढे क्रीम काढून त्या गालाला लावीत. पायांना काहीच नाही. पूर्वी त्या निळी डबी वापरत. ती आता लेकीच्या बरणीपुढे हलकी वाटू लागली म्हणून आणणे थांबले होते. आम्ही गेलो तेव्हा डाव्या टाचेची भेग लालसर झालेली होती. आम्ही पायांविषयी विचारले, तर म्हणाल्या, “भाऊजी, एवढं महागाचं पायाला कुठं लावायचं? तुम्ही एवढं वाचता, तर दोन्हींत काय आहे ते वाचून सांगा बघू मला.”

वर लिहिलेले पुष्कळसे त्या दुपारी त्यांना वाचून दाखवलेले आहे. कागदावर एक हिशेबही मांडला. दोन्ही पायांना एका वेळी दोन मिलिलिटर धरले तर दिवसाला चार. ६० मिलिलिटरची बरणी पंधरा दिवसांची. म्हणजे दिवसाला दोन हजार रुपये. तेवढीच निळी डबी घेतली तर दिवसाला दहा-बारा रुपये. पेंडीचे नाव ऐकून त्या हसल्या. हिशेब ऐकून गप्प झाल्या. मग त्यांनी विचारलेला प्रश्न आमच्या कोणत्याही विद्यार्थ्याने विचारला असता तर आम्ही धन्य झालो असतो: “म्हणजे हे चांगलं आहे, पण चांगलं आहे म्हणूनच माझ्या कामाचं नाही, असं ना?”

आम्हांला वाटते, या साऱ्या तुलनेचे मर्म या प्रश्नात आहे. दोन क्रीममधला निर्णायक भेद घटकांचा नव्हता, तो वापराचा होता. क्रीम गुण देते ते रोज आणि पुरेसे लावले तर. किंमत आणि कहाणी यांनी बरणीला इतके मोठे केले की तिला हात लावणे अवघड झाले. फलश्रुती ऐकून पोथी घरी आणावी आणि मग ती रेशमी बासनात बांधून देव्हाऱ्यावर ठेवावी, तसे हे झाले. फळ पठणाचे असते, पोथीचे नसते. हे ज्यांनी फलश्रुती रचल्या त्यांनाही ठाऊक होते. आणि आपण हसण्याचे कारण नाही. समग्र वाङ्मयाचे कापडी बांधणीतले खंड ज्यांच्या काचेच्या कपाटात वर्षानुवर्षे उभे आहेत आणि ज्यांचे खरे वाचन पिवळ्या पडलेल्या स्वस्त आवृत्तीवरच झाले, असे आपल्यात पुष्कळ आहेत.

वहिनींच्या टाचा सांभाळायला निळी डबी परत आली. लाल झालेली भेग डॉक्टरांनी पाहिली आणि महिनाभरात ती मिटली. बरणी कपाटातच आहे, आणि ती तिथे असण्यात आम्हांला काही गैर दिसत नाही. तिचे काम वेगळे आहे. संस्कृतात आणि मराठीत ‘स्नेह’ या एकाच शब्दाने तेल-तूपही सांगता येते आणि मायाही. लेकीने पाठवला तो दुसरा स्नेह. घोटाळा होतो तो पहिल्याची जागा दुसऱ्याने घेतली की.

जाता जाता एक गोष्ट आपल्या व्यवसायापुरती. आपली समीक्षा ‘रुक्ष’ आणि ‘स्निग्ध’ ही विशेषणे सर्रास वापरते. शैली रुक्ष असते, निवेदन स्निग्ध असते. आणि रुक्ष म्हणजे कमी प्रतीचे असे आपण गृहीत धरतो. या दोन वेष्टनांवरची सर्वांत रुक्ष भाषा मागील बाजूच्या यादीत होती, आणि वहिनींच्या उपयोगी पडली ती तीच. पण ती इंग्रजी-लॅटिनमध्ये होती, आणि अडुसष्ट वर्षांच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांत होती. जिला ती यादी हवी होती तिच्यापर्यंत ती पोचण्याची कोणतीही तजवीज वेष्टनावर नव्हती. फलश्रुती मात्र हातभर अंतरावरून वाचता येत होती. पाठभेद, क्रम, प्रक्षिप्त भाग, निवेदकाचा हेतू हे सारे आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. पुढच्या सत्रात एखाद्या तासाला विद्यार्थ्यांना घरातली एखादी डबी आणायला सांगावी, तिची मागची बाजू मराठीत उतरवायला लावावी, आणि मग ते मराठी घरी जाऊन कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे, असा आमचा विचार आहे. प्रश्नपत्रिकेत त्याला गुण ठेवता येतील की नाही, हे विभागप्रमुखांना विचारावे लागेल.